‘उघड’ की ‘सहज सुचण्याजोगं’? आणि शाबीत कोणी करायचं?

प्रश्न: पेटंटच्या अपिलांवरच्या लेखात ‘ऑब्व्हियस’ला ‘उघड’ आणि ‘बर्डन ऑफ प्रूफ’ला ‘पुराव्याचं ओझं’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर: ‘उघड’ नको. उघड म्हणजे कोणालाही दिसणारं. इथे, म्हणजे शोध पेटंट देण्याजोगा आहे का हे ठरवताना, कसोटी त्या धंद्यातल्या जाणकाराची आहे: आधीची माहिती हाताशी असताना त्याला हे सुचलं असतं का? म्हणून ‘जाणकाराला सहज सुचण्याजोगं’. लांबलचक आहे, पण सगळा वाद त्या ‘जाणकारा’वरच चालतो.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज (१९७८) बघा. लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, भांडी घासताना भांडं सुटून उडायचं. ते टोकाने दाबून धरायच्या पद्धतीला पेटंट मिळालं. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी ते रद्द केलं, खंडपीठाने अपिलात परत दिलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केलं. लेथची ती युक्ती जुनीच होती, फक्त भांड्यांना लावली होती. तुम्हाआम्हाला ती ‘उघड’ वाटली नसती. तिथल्या कारागिराला सुचण्याजोगी होती.

‘ओझं’ही नको. कोर्टात रुळलेलं ‘शाबितीची जबाबदारी’ घ्या.

प्रश्न: मग ‘शाबितीची जबाबदारी अर्जदारावर सरकली’ हे वाक्य ठीक ना? अमेरिकेतलं प्रकरण आहे, अर्ज पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने फेटाळलाय.

उत्तर: नाही, तिथेच अर्थ बिघडतो. हे सहज सुचण्याजोगं आहे, असं आधी परीक्षकाने सकृद्दर्शनी दाखवायचं. तेवढं झालं की सरकते ती उत्तर देण्याची, पुरावा पुढे आणण्याची जबाबदारी. पटवून देण्याची जबाबदारी पेटंट कार्यालयाकडेच राहते. ओएटिकर प्रकरणात (१९९२) फेडरल सर्किटने, म्हणजे तिथल्या पेटंट अपिलांच्या न्यायालयाने, हे स्पष्ट केलंय: परीक्षकाची बाजू सकृद्दर्शनीही उभी राहिली नाही, तर एवढ्या मुद्द्यावर अर्जदाराने काहीही शाबीत करायची गरज नाही. अपिलात परीक्षक कुठे चुकला हे अर्जदाराला दाखवावं लागतं, पण म्हणून शाबिती त्याच्या गळ्यात पडत नाही. उत्तर देण्याची आणि पटवून देण्याची, या दोन्ही जबाबदाऱ्यांना एकच शब्द वापरलात तर वाचक नेमकं उलटं समजेल.

प्रश्न: आणि मिळालेलं पेटंट कोर्टात रद्द करायचं असेल तर?

उत्तर: अमेरिकेत शाबिती ‘पेटंट रद्द करा’ म्हणणाऱ्यावर, तीही कडक. मायक्रोसॉफ्ट विरुद्ध आयफोरआय (२०११) निकालाप्रमाणे ‘स्पष्ट आणि खात्री पटवणारा’ पुरावा लागतो, कारण तिथे पेटंट वैध असल्याचं गृहीत धरतात. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम १३(४) मुळे तसं गृहीतक नाही. भारतातल्या निकालाबद्दल लिहिताना ‘वैध मानलेलं पेटंट’ लिहू नका.