२० मिनिटांची चाचणी: काचेची नळी कुठून आणता?

रात्रपाळी_सिस्टर:
कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं कॅज्युअल्टीला आहे. लावणी सुरू झाली की ‘जनावर चावलं’ म्हणत माणसं येतातच. परवा रात्री दोनला एक काका आले. पायाला फुरसं चावलं म्हणाले, सूज मात्र नव्हती. ड्यूटीवर बाँडवरचे (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारे) नवे डॉक्टर. फुरशाचं विष अंगात भिनलं की रक्त गोठत नाही, ते बघायलाच ही चाचणी. त्यांनी साध्या प्लॅस्टिकच्या नळीत रक्त घेतलं, २० मिनिटांनी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं. लगेच सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल काढायला सांगितल्या. मी म्हटलं, सर, एकदा काचेत बघू या. माझ्या कपाटात दोन जपून ठेवलेल्या होत्या. त्यात छान गोठलं! काकांना २४ तास ठेवून घरी सोडलं.
आता स्टोअरमधून काचेच्या नळ्या येतच नाहीत आणि डॉक्टर दरवर्षी बदलतात. तुम्ही काय करता? इंजेक्शनची रिकामी बाटली चालेल का?

जुना_फिजिशियन:
बाटली नको, औषधाचा अंश राहतो. नळी नवी, कोरडी, काचेचीच हवी. काचेचा स्पर्श झाला की रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकला तसं होत नाही. लाल झाकणाच्या नळीत तर गोठवणारा लेप असतो, म्हणजे उलटी फसगत, विष असूनही रक्त गोठलेलं दिसेल. २ मिली रक्त घ्या, हलवू नका, २० मिनिटांनी एकदाच तिरकी करा. शंका वाटली तर सोबतच्या नातेवाइकाचं रक्त शेजारच्या नळीत ठेवा.
आणि प्रत्येक चाचणी वहीत लिहा, सिस्टर. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं, तेही तुमच्याच कोकणातल्या रुग्णांच्या नोंदींवरून.

लॅबवाला:
रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करा. आम्ही तेच केलं. नळ्या फार महाग नसतात, मागणीपत्र लिहायचाच कंटाळा.

इमर्जन्सी_एमडी:
प्रामाणिकपणे सांगतो, शहरात शिकताना ही चाचणी मी हाताने कधी केलीच नव्हती. आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, लॅबमधून यायचा. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला एमसीआयची (तेव्हाच्या वैद्यक परिषदेची) मान्यताच २००९ची, त्यामुळे शिकवणाऱ्यांनाही खेड्यातली कॅज्युअल्टी कमीच ठाऊक. तुमच्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका.
पण एक सांभाळा. मण्यार चावली तर रक्त नीट गोठतं आणि दंशाची खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून आला, तर पापण्या खाली झुकल्यात का बघा.

रात्रपाळी_सिस्टर:
पापण्यांचं आजच भिंतीवर लावते. डॉक्टरांना दोष नाही हो, त्या रात्रीनंतर तेच सगळ्यांना शिकवतायत. मागणीपत्र दिलं, वहीही घातली. माझ्या दोन नळ्यांचं मात्र ऐका. वॉर्डातल्या मामांनी (शिपायांनी) त्या भांड्याच्या साबणाने लख्ख धुऊन वाळत घातल्या. साबण लागलेल्या नळीत रक्त गोठत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आता नव्या येईपर्यंत शेजारच्या पीएचसीकडून (प्राथमिक आरोग्य केंद्राकडून) चार उसन्या आणल्यात.