अडगळ आवरताना ‘कामाला येईल’ म्हणून बाजूला काढलेला ढीग: त्यातलं काय ठेवावं, कशाचं काय करावं?

पसारा_२२
पोटमाळा आणि दोन कपाटं रिकामी करायला घेतली आहेत. सरळ टाकायचं आणि रोजच्या वापरातलं वेगळं झालं. घोडं अडलंय मधल्या ढिगापाशी. त्यात २२ टी-शर्ट, ६ जीन्स, विरलेल्या ४ चादरी, ९ टॉवेल, झाकणासकट चाळीसेक काचेच्या बरण्या, मोडलेलं एक कपाट (बाजू फुगल्यात, ड्रॉवर ठीक आहेत), २ जुने मोबाइल, बंद पडलेला १ लॅपटॉप आणि कुबट वास येणारी दोन खोकी पुस्तकं आहेत.

कापडातलं कशाचं काय होतं? कपाटाचं लाकूड पुन्हा वापरता येईल का? मोबाइल दुसऱ्याला देण्याआधी काय काय करायचं? शिलाई मशीन, ड्रिल आणि हातकरवत आहे. नुसत्या कल्पना नकोत, त्या खूप वाचल्या. टिकतं काय आणि फसतं कुठे, ते सांगा.

मोजपट्टी
वस्तूकडे बघून ‘याचं काय होईल’ असा विचार केला की प्रत्येक वस्तूचं काहीतरी होतंच, आणि ढीग तसाच राहतो. उलटीकडून मोजा. घरात पुसायची फडकी किती लागतात? रोज एक, आठवड्यातून एकदा धुणं, वर थोडी जादा, म्हणजे १२ ते १६. साधारण ७० × १४० सेंमीच्या टॉवेलचे ३५ सेंमीचे ८ चौकोन निघतात. म्हणजे ९ पैकी २ टॉवेलांत काम भागलं. उरलेले ७ ‘फडक्यांसाठी’ ठेवण्यात अर्थ नाही. धुऊन, वाळवून प्राण्यांच्या निवाऱ्यात द्या, तिथे टॉवेल सतत लागतात.

हाच हिशेब बरण्यांना लावा. आज कोणत्या फळीवर, कशाने भरून ठेवणार ते सांगता आलं तेवढ्याच ठेवा.

करायच्या कामांसाठी एकच खोकं ठेवा, त्यावर तारीख घाला. ते भरलं की नवीन वस्तू आत टाकण्याआधी जुनी एक बाहेर. तीन महिन्यांत हात लागला नाही ती वस्तू जशी आहे तशी द्यायच्या पिशवीत. आणि आवरून होण्याआधी नवे डबे, नवे रॅक आणू नका. किती उरणार हे कळायच्या आत आणलेला डबा नको त्या वस्तूंनी भरतो.

धागादोरा
मोजपट्टी यांचा टॉवेलांचा हिशेब बरोबर आहे, पण चादरींना लगेच कात्री लावू नका. अख्खी चादर रंगकामात, सामान हलवताना, झाकायला लागते. कापलेली पुन्हा जोडता येत नाही.

आधी कापड ओळखा. पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत जिरला तर पुसायला चालेल. मण्यासारखा वर बसून राहिला तर एकतर पॉलिएस्टर जास्त आहे किंवा फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसलाय. गरम पाण्यात सॉफ्टनरशिवाय एकदा धुऊन पुन्हा बघा. तरी शंका राहिली तर शिवणीतून चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी मागे राहतो. असं कापड गरम भांडी धरायला कधीही वापरू नका, ते वितळून हाताला चिकटतं.

टॉवेल कापला की कडेला झिगझॅग मारावीच लागते. नाहीतर लूप सुटतात आणि कपडे धुण्याच्या मशीनच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात. टोकाची बिनलुपांची विणलेली पट्टी कापून टाका. ती वेगळी आटते आणि फडकं वाकडं होतं.

टी-शर्टची दोरी: बाजूला शिवण नसलेला, छातीवर छपाई नसलेला शर्ट घ्या. छपाईच्या जागी पट्टी गुंडाळत नाही, छपाई तडकते. खालची दुमड काढा, काखेखाली आडवं कापा. उरते ती नळी. ती टेबलावर आडवी पसरा आणि एका घडीपासून २.५ सेंमी रुंदीचे काप घ्या, समोरच्या घडीच्या ३ सेंमी अलीकडे थांबत. सगळे काप झाले की न कापलेला कणा उलगडून हातावर पसरा. खरी गोम इथे आहे. समोरासमोरचे काप जोडलेत तर सुट्या कड्या हातात येतात. एका बाजूचा पहिला काप दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या कापाला तिरका जोडत गेलात तर सलग दोरी निघते. मग हातभर हातभर लांबी ओढत जा. कडा आत वळून गोल दोरी होते. शर्टाचा घेर १०० सेंमी आणि काखेखालची उंची ४० सेंमी असेल तर १६ वेढे, म्हणजे ताणण्याआधी १६ मीटर.

१० मिमीची क्रोशाची सुई घ्या. गोल पायपुसणं ६ टाक्यांनी सुरू करा आणि प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवा. कमी वाढवले तर कड वाटीसारखी उचलली जाते, जास्त वाढवले तर झालर पडते. जाड आणि पातळ शर्टांची दोरी एका पायपुसण्यात मिसळू नका, फेऱ्या वेड्यावाकड्या बसतात. २२ शर्टांपैकी या सगळ्या अटींत बसणारे थोडेच निघतील, आणि तेवढेच ठेवायचे.

जीन्समध्ये गुडघा आणि मांडीचं कापड झिजलेलं असतं. पोटरीचा भाग घट्ट असतो. पिशवी त्याचीच करा. ताणल्या जाणाऱ्या जीन्सची पिशवी वजनाने लोंबते, ती जीन्स घेऊच नका. सुई १०० नंबरची, टाका ३ ते ३.५ मिमी. जिथे शिवणी एकमेकींना छेदतात तिथे आधी हातोडीने ठोकून सपाट करा, नाहीतर सुई तिथेच मोडते.

चादर उजेडासमोर धरा. बहुतेक वेळा मधला पट्टा विरलेला असतो आणि काठ धडधाकट असतात. मधोमध उभी कापा, बाहेरचे काठ आत आणून सपाट शिवणीने जोडा, विरलेल्या कडा बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या. मधली शिवण अंगाला लागते, म्हणून ही चादर गादीवर खाली घालायला वापरा. चारपैकी दोन अशा करा आणि एक अख्खी झाकायला राहू द्या.

रंधा
कपाटाची कापलेली कड बघा. पातळ थर दिसले तर प्लायवुड, बारीक तपकिरी सपाट दिसलं तर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), दाणे आणि चिपट्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड. बाजू फुगल्यात म्हणता, म्हणजे शेवटच्या दोन्हींपैकी एक. पाणी लागलं की आतला डिंक सुटतो. वाळवलं तरी बोर्ड मूळ जाडीवर येत नाही आणि तिथे स्क्रू धरत नाही. फुगलेल्या भागाच्या पुढे ५ सेंमी कोरडा भाग सोडून कापा, उरलेलं शेल्फच्या मागच्या पाट्यांना चालेल. कापताना मास्क लावा आणि हे काम बाहेर करा. कापून उरलेले तुकडे जाळू नका, डिंक आणि लॅमिनेटचा धूर विषारी असतो. झाडांच्या वाफ्यालाही ते नकोत, ओलाव्याने फुगून भुगा होतील.

तुमचा माल म्हणजे ड्रॉवर. चाकं लावून पलंगाखाली सरकवायचे. चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली उंची: जमिनीपासून पलंगाच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजा, ड्रॉवर, त्याखाली टाकायची पट्टी (पुढे सांगतो) आणि चाक मिळून त्याहून किमान २ सेंमी कमी हवं. दुसरी चाकांची पकड: ड्रॉवरचा तळ बहुतेक वेळा ३ मिमीची पाटी असते, तिच्यात चाकाचे स्क्रू बसतच नाहीत. तळाखाली पुढे आणि मागे लाकडाची एकेक पट्टी (साधारण ४० × २० मिमी) टाका, ती ड्रॉवरच्या उभ्या बाजूंना खालून स्क्रूने आवळा आणि चाकं त्या पट्टीवर लावा. ४ मिमीच्या स्क्रूला आधी २.५ मिमीचं भोक पाडा, नाहीतर कड फाटते. जुनं भोक सैल असेल तर लाकडाचा डिंक लावून टूथपिक ठासून भरा, २४ तास वाळू द्या, वरचं छाटून पुन्हा भोक पाडा.

सर्किट
मोबाइलला चार्जर लावण्याआधी तो सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगतोय, स्क्रीन कडेने उचललीय किंवा पाठ फुगलीय तर चार्ज करू नका, दाबू नका, उघडू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे तसाच द्या.

बॅटरी ठीक असेल तर क्रम पाळा. बॅकअप घ्या. मग ज्या ॲपमधून लॉगिनचे कोड येतात ते नव्या फोनवर हलवा. हे राहिलं आणि फोन पुसला तर आपल्याच खात्यांतून बाहेर अडकाल. मग फोनवरच्या खात्यातून साइन आउट करा. हे न करता रीसेट केलं तर घेणाऱ्याला तुमचाच पासवर्ड मागितला जातो आणि फोन निकामी पडून राहतो. मग सिम आणि मेमरी कार्ड काढा, शेवटी फॅक्टरी रीसेट. अँड्रॉइड ६.० च्या आधीचा फोन असेल तर सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायची सोय) चालू करून मगच रीसेट करा, एरवी माहिती परत काढता येऊ शकते.

जुना फोन घरातला कॅमेरा म्हणून कायम चार्जरला लावतात, त्याने बॅटरी फुगू शकते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तरच करा.

लॅपटॉप बंद असला तरी आतली डिस्क बहुधा चांगली असते. २.५ इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्क असेल तर यूएसबी केसमध्ये घाला, बाहेरची डिस्क तयार. द्यायची असेल तर झटपट फॉरमॅट पुरत नाही. फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा दुसरा डेटा लिहिला की पुरतं. एसएसडीत (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) तो उपाय खात्रीचा नाही, कारण ती काही ब्लॉक आपल्यापासून लपवून ठेवते. तिथे सिक्युअर इरेझ (डिस्कला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारी आज्ञा) वापरा.

पसारा_२२
सगळ्यांचे आभार. कड बघितली, पार्टिकल बोर्डच आहे. एक मोबाइल टेबलावर डुगडुगतो, तो बाजूला ठेवला. पुस्तकं आणि बरण्या राहिल्या. स्क्रू-खिळे ठेवायला बारा बरण्या धरल्यात, पण झाकणांचा वास जात नाही.

मोजपट्टी
पुस्तकांवर भुरी किंवा केसाळ डाग आहेत का ते आधी बघा. असतील तर ती खोकी इतर पुस्तकांपासून दूर ठेवा. नुसता वास असेल तर पानं पंख्यासारखी उघडून, सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवा. उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वळतो. पूर्ण कोरडी झाली की झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, सोबत खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी, एक-दोन आठवडे. सोडा पानांवर भुरभुरवू नका, शिवणीत अडकतो. कसर दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं.

झाकणाचा वास आतल्या मऊ कडीत मुरलेला असतो, तो धुऊन पूर्ण जात नाही. स्क्रूंना त्याने काही बिघडत नाही. खाण्याच्या वस्तूंना मात्र नवी झाकणं लागतील. बरणीचं लेबल गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवलं की निघतं, उरलेल्या चिकटाला खाण्याचा सोडा तेलात कालवून चोळा. गार बरणीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते.

रंधा
बरण्या शेल्फखाली टांगा, फळीवरची जागा वाचते. झाकण फळीच्या खालच्या बाजूला लावून बरणी खालून फिरवून बसवायची. झाकणाला दोन स्क्रू, दोन्हींना वॉशर. एकच लावलात तर बरणी उघडताना झाकणही सोबत फिरतं आणि स्क्रू सैल होतो. ३०० मिलीहून मोठी बरणी खिळ्यांनी भरून टांगू नका, आणि फळी पार्टिकल बोर्डाची असेल तर तिला तर मुळीच नाही.