मदत हवी आहे: बर्लिनमध्ये पहिला महिना पत्ता कुठला नोंदवायचा?

नमस्कार मंडळी,
भाची ऑक्टोबरात पुण्याहून बर्लिनला एमएससाठी चालली आहे. वसतिगृहाची खोली नोव्हेंबरपासून, म्हणजे महिनाभर तात्पुरती खोली. घोडं तिथेच अडलंय. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं; नुसता भाडेकरार चालत नाही. तात्पुरत्या खोलीवाले बरेचदा ते देत नाहीत. नोंदणीचा कागद नसेल तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि चालू खात्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते) महिन्याचे 992 युरो हातात येत नाहीत.

असं पत्र देणारी महिन्याभराची खोली कुठल्या भागात शोधावी? नुसत्या पासपोर्टवर खातं उघडणारी बँक कोणाला माहीत आहे का? आणि पैसे सुटेपर्यंत हाताशी किती युरो असावेत?

(साजूक तूप आणि पेढे बॅगेतून काढलेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आजी रुसली आहे.)

शिवाय राईशटागचा (जर्मन संसदेच्या इमारतीचा) घुमट फुकट बघता येतो, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं. ऑक्टोबरात किती दिवस आधी नोंदवलेलं बरं?