बेट जिवंत झालं म्हणता, पण रात्री तिथे दिवा कोण लावतं?

आगरातली

परवा 'लाटांकाठी' यांनी हाँगकाँगच्या यिम तिन त्साय बेटावर लेख टाकला. हाक्का या चिनी समाजाचं चिमुकलं गाव, सगळी चान आडनावाची घरं, पोट मिठागरावर. बाहेरून स्वस्त मीठ यायला लागलं तसं शंभरेक वर्षांपूर्वी मिठागर बंद पडलं. तरुण माणसं शहरात गेली, काही थेट इंग्लंडला. १९९८ साली शेवटचा रहिवासीही निघून गेला. पुढे गावच्याच माणसांनी १८९० सालचं चर्च दुरुस्त करून घेतलं, मिठागर पुन्हा उभं केलं आणि २०१५ साली त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. इथवर मी आनंदाने वाचलं. मग शेवटचं वाक्य आलं: "आपल्याकडे मिठागरं होती, माणसं होती, आच नव्हती. जमिनी विकल्या आणि मोकळे झाले."

दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा वेगळा धागा.

कोणी विकल्या? आमच्या ठाणे-उरण-पनवेल पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी १९७० पासून नवी मुंबईसाठी संपादनात गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. याला मोकळं होणं म्हणतात? आणि माझे बाबा ज्या मिठागरात राबले, ते त्यांच्या मालकीचं कधीच नव्हतं. मालक मुंबईत, राबणारे आम्ही. आगर गेलं तेव्हा पैसे मालकाला मिळाले. बाबांना मिळालं काय, तर दुसऱ्या दिवशीपासून कामाला येऊ नका, एवढा निरोप.

बाबांच्या टाचांना भेगा इतक्या खोल होत्या की आई रात्री खोबरेल आणि हळद कोमट करून बोटाने भरायची. तरी पहाटे ते आगरात. नव्या हंगामात कोंडीतली, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यातली, माती पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची, भरतीचं पाणी घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवायचं. बाबा पाण्यात बोटं बुडवून, चोळून सांगायचे, "पानी पिकला का मीठ पडतं." पुस्तकात त्यालाच २५ अंश बोमे लिहितात, बोमे म्हणजे पाणी किती खारट-दाट झालं त्याचं माप. पाणी त्याच्या फार पुढे गेलं तर कडवट क्षारही उतरायला लागतात आणि मीठ खराब होतं. हे ज्याच्या बोटांना कळतं तो माणूस पुढे गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी झाला. आच नव्हती म्हणता?

आणि यिम तिन त्सायमध्ये आज राहतं कोण? माणसं होडीने येतात, फोटो काढतात, मिठाची कुपी घेतात आणि संध्याकाळी परत जातात. गाव जिवंत असेल तर रात्री कुणीतरी दिवा लावायला हवा.

लाटांकाठी

जमिनीबद्दलचं माझं वाक्य चुकलं. मला १९७० चं संपादन ठाऊक होतं, १९८४ चा गोळीबार नव्हता. ते वाक्य मागे घेते. बाकीचं मात्र मागे घेणार नाही.

मी अकरा वर्षं हाँगकाँगला राहते. साई कुंगच्या धक्क्यावरून होडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिल्यांदा गेले तेव्हा पडक्या घरांच्या भिंतींतून वडाची मुळं उतरलेली पाहिली. एका घरात फळीवर अजून भांडी होती. आम्हाला वाट दाखवणारे आजोबा तिथेच जन्मलेले. ते बांधावर उकिडवे बसले आणि वाळत आलेल्या मिठाचा थर नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या लहानपणी मिठागर नव्हतंच, ते त्यांच्या आजोबांच्या काळातलं. गावाच्या नावाचा अर्थ 'छोटं मिठाचं शेत', आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गावचं मीठ चाखलं ते म्हातारपणी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. याला दिखाऊ म्हणायची माझी हिंमत नाही.

राहतं कोणी नाही, हे खरं. पण दर मेमध्ये संत जोसेफच्या सणाला विखुरलेली कुटुंबं परत येतात. २००३ मध्ये फ्राइनाडेमेट्झ या मिशनऱ्याला संतपद मिळालं, ते पूर्वी या बेटावर काम करून गेलेले. त्यानंतर चर्चचं काम निघालं, मिठागर त्याच्या मागून आलं. आधी एक धागा सापडला, मग त्याला धरून माणसं आली. आपल्याकडे तो धागाच धरला जात नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

खाजणवाला

दोघींनाही सांगतो. मी गोव्यात अजून मीठ काढतो. आजोबांचं आगर, आता अर्धंच चालतं. बांध दुरुस्त करता येतो, मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची, फळी नवी बसवता येते, कोंडीत माती घालता येते. हाँगकाँगवाल्यांनी हेच केलं, छान केलं. अडतं ते माणसापाशी. सकाळी सहाला उन्हात उभं राहून लाकडी फळीने मीठ ओढायला मला यंदा गावातला एक माणूस मिळाला नाही. मे महिन्यात एक वळवाचा पाऊस आला की पंधरा दिवसांची कमाई तासाभरात विरघळते. पुरस्काराने ती परत येत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट कुणी बोलतच नाही. २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे. म्हणजे मी माझं मीठ माझ्याच गावातल्या बाईला आमटीत घाल म्हणून विकू शकत नाही! माडांच्या बुडाशी घालायला, मासे खारवायला, बर्फाच्या कारखान्याला विकायचं. हजार वर्षं ज्यावर लोक जगले ते आता गुरांचं मीठ. गाव कसं जगणार?

जुनी_डॉक्टर

या मुद्द्यावर गप्प बसता येत नाही. नोकरीची पहिली वर्षं मी हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत काढली. गळ्याला नारळाएवढी गाठ घेऊन पाणी भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एका घरात तीन मुलं, तिन्ही ऐकू न येणारी, बोलू न शकणारी. त्यांची आई मला विचारायची, माझं काय चुकलं? कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला आणि गलगंड झपाट्याने कमी झाला. त्यावरून १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. हे कुणा कंपनीचं कारस्थान नाही. परंपरा म्हणून पोरांचे मेंदू पणाला लावू नका.

खाजणवाला

डॉक्टर, कांग्रा हिमालयात आहे. आम्ही समुद्रकाठचे. रोज मासे खातो. समुद्राच्या मिठात आयोडीन नाही तर कुठे असणार?

जुनी_डॉक्टर

हाच तो गैरसमज. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी थोडं, आणि मीठ जमताना तेही मिठात नावापुरतंच राहतं. माशांत असतं, ते तुम्हाला मिळतं, मान्य. पण तुमचं मीठ घाटावर जाणार, मासे न खाणाऱ्या घरात जाणार, गरोदर बाईच्या ताटात जाणार. पोतं कुठे पोचेल हे तुम्ही सांगू शकता का?

आगरातली

माझ्या धाग्यावर आयोडीनची लढाई सुरू झाली तर होऊ दे, कारण तीही आमच्याच गळ्याशी आलेली. डॉक्टरताई, तुमच्या त्या बाईचं दुःख मला समजतं. पण मला सांगा, ज्या शहरी घरात आमचं खडेमीठ 'असुरक्षित' ठरतं, त्याच घरात खाणीतलं गुलाबी मीठ शेकडो रुपये किलोने कसं येतं? तेव्हा आयोडीन कुणाला आठवत नाही. नियम मोडणाऱ्या मोठ्या दुकानाला कोण विचारतं, आणि टोपलीत मीठ घेऊन बसलेल्या म्हातारीला मात्र हाकलतात.

जुनी_डॉक्टर

गुलाबी मिठाचं तुमचं म्हणणं बरोबर. माझ्या रुग्णांना मी तेही बंद करायला लावते. आणि टोपलीवालीला हाकलणं चूक. पण उपाय आहे, तो तुम्ही लोक बघत नाही. एका टन मिठाला पन्नासेक ग्रॅम पोटॅशियम आयोडेट लागतं. पाण्यात विरघळवून फवारायचं. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभरही नाही! दोन-चार गावांनी मिळून एक फवारणी यंत्र घेतलं तर काय बिघडतं?

खाजणवाला

बोलायला सोपं आहे. आमचं मीठ जाड, ओलसर. फवारलं तर वरच्या थराला लागतं, खाली जातच नाही. मग दळा, वाळवा, पिशव्या भरा, परवाना काढा, कारखान्यातून निघताना आणि दुकानात आयोडीन नियमाइतकं भरतं का ते तपासून घ्या. सहा महिने पावसाने बंद असणारा धंदा हे सगळं कुठून करणार? तुम्ही दवाखान्यात बसून हिशेब सांगता.

जुनी_डॉक्टर

दवाखान्यात बसून मी काय पाहिलं ते वर लिहिलंय. पुन्हा लिहायला लावू नका.

वडाळा_पूर्व

आयोडीन राहू द्या बाजूला. मुंबईत मिठागर ठेवायचं की नाही हाच प्रश्न आहे. वडाळ्याला १९३० मध्ये लोकांनी लाठ्या खाऊन मीठ उचललं. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांची २५५ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घ्यायला मंजुरी दिली. घरं गरिबांना हवीतच, पण भरतीच्या वेळी पाऊस आला की हेच पाणथळ भाग पाणी पोटात घेतात. आमच्या चाळीत २००५ ला गळ्यापर्यंत पाणी होतं, माझ्या आजीला दोरीने वर ओढली. यिम तिन त्सायचं मला एवढंच पटतं की तिथे मिठागर मिठागरच राहिलं, त्यावर इमारत चढली नाही.

शिरोड्याची

आमच्या शिरोड्यालाही १९३० च्या मेमध्ये सत्याग्रह झाला. दरवर्षी त्याची भाषणं ऐकत मी मोठी झाले. भाषण संपलं की पाहुणे मासे जेवून जातात. त्या मिठागरांपैकी आता थोडीच चालतात. माझ्या मामाने आपला वाटा सोडला तेव्हा त्याला कुणी विचारलंही नाही, का सोडलास. लाटांकाठी म्हणते तो धागा आमच्याकडे होता, देशभर नाव असलेला. तरी माणसं राहिली नाहीत. तेव्हा आच, धागा ही उत्तरं नव्हेत. किलोला भाव काय मिळतो ते सांगा. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं, मैलोन्‌मैल सपाट जमिनीवर, कोरड्या हवेत. कोकणच्या एका कोंडीने त्याच्याशी स्पर्धा करायची?

लाटांकाठी

यिम तिन त्सायचं मिठागर अशाच स्पर्धेत बंद पडलं होतं. म्हणूनच त्यांनी पुन्हा सुरू करताना बाजाराशी स्पर्धा केलीच नाही. मीठ थोडं काढतात, गावच्या जुन्या शाळेत प्रदर्शन मांडलंय, मुलं येऊन पाहतात. पोट त्यावर चालत नाही, हे मी कबूल करते. पण गावच्या पोरांना आपण कोण हे कळतं.

आगरातली

तुमचं बेट रिकामं झालं ते माणसं स्वतःहून निघाली म्हणून. आमच्या शेवा कोळीवाड्याची माणसं न्हावा-शेवा बंदरासाठी उठवली, दुसरीकडे नेऊन वसवली, आणि त्या नव्या घरांना वाळवी लागली. १९८९ पासून बंदर चालू आहे. जुन्या गावी परत जायला जागाच नाही, त्यावर कंटेनर उभे आहेत. त्यांच्या पोरांना आपण कोण हे सांगायला कुठली कोंडी दाखवू?

तरी एक कबूल करते, आणि मनापासून नाही तर नाइलाजाने करते. तुमच्या त्या आजोबांचा तळहातावर मीठ ठेवण्याचा किस्सा मी काल बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, एकदा आगर बघायचंय. आमच्याकडे जवळपास चालू आगर उरलेलं नाही. प्रदर्शन तर प्रदर्शन, एक तरी कोंडी कुणी राखली असती तर त्यांना रिक्षाने नेता आलं असतं. एवढ्यापुरतं तुमचं खरं.

पण पोट चालत नसेल तर राखणार कोण, हा माझा प्रश्न तसाच उभा आहे.

जुनी_डॉक्टर

खाजणवाला, ओल्या जाड मिठाचं तुम्ही म्हणालात ते मी आज विचारून घेतलं. असमान लागतं, बरोबर आहे. मी चुकीच्या सोपेपणाने बोलले. पण बंदी उठवा हे मात्र मी म्हणणार नाही. पाच-सहा आगरवाल्यांसाठी मिळून दळण आणि फवारणीची सोय सरकारने करून द्यावी, तपासणी फुकट करावी, असा अर्ज असेल तर मी सही करते.

खाजणवाला

अर्ज पूर्वी केलाय, उत्तर आलं नाही. पुन्हा करू, तुमची सही वर घालतो.

आगरातलीताई, बाबांना घेऊन या. जानेवारीत कोंड्या तयार करतो, पहिलं मीठ फेब्रुवारीच्या शेवटी पडतं. मेची वाट बघू नका, पाऊस आला तर काही दिसणार नाही.

आगरातली

बाबा विचारतायत, कोंडीच्या तळाला माती कुठली घालता आणि तुडवतं कोण?

खाजणवाला

माती खाडीतलीच, चिकण. तुडवायला माणूस मिळाला नाही, म्हणून यंदा दोन कोंड्या तशाच पडून आहेत.