विषय: शाळेची चिठ्ठी, एसपीएचई आणि आपला दिवाळीचा कार्यक्रम

लुकानहून

नमस्कार मंडळी,

एक विचारायचं आहे. लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल, शुक्रवारपर्यंत शाळेत चिठ्ठी द्यायची आहे.

माझा मुलगा इथे आयर्लंडमध्ये कॅथलिक प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. दुसरी म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं, कॅथलिक मुलांच्या चर्चमधल्या मोठ्या विधीचं वर्ष. धर्माच्या तासाला त्याला बसवायचं नाही असं आम्ही शाळेला लिहून दिलंय, त्यामुळे तेव्हा तो मागच्या बाकावर चित्रं रंगवत असतो. आता एसपीएचईच्या, म्हणजे सामाजिक, वैयक्तिक आणि आरोग्य शिक्षणाच्या तासाला 'स्टे सेफ' (सुरक्षित राहा) नावाचे धडे सुरू होणार म्हणून चिठ्ठी आली आहे. नवऱ्याचं म्हणणं, शाळा चर्चची, म्हणजे हेही बिशप लोकांचंच असणार, यातूनही नाव काढून घेऊ. मीही तयार होते.

पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "आई, पोटात फुलपाखरं आहेत." मला वाटलं पोट दुखतंय. ओवा दिला, गरम पाणी दिलं, घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या शिक्षिकेने मला दारात थांबवून एक कागद दाखवला. कागदावर मुलाच्या शरीराची बाह्यरेषा होती आणि भीती कुठे वाटते तिथे रंग भरायचा होता. त्याने सगळं पोट पिवळं केलं होतं. मधल्या सुट्टीत दोन मुलं त्याला रोज म्हणत होती, "तुझं कम्युनियन नाही, तू आमच्यात नाहीस."

तीन दिवस तो मला हेच सांगत होता आणि मी ओवा देत होते. हे मनातून जात नाही. त्या तासातून त्याला खरंच काढावं का?

नेसहून

ताई, काढू नका. का ते जरा सविस्तर लिहिते. मी सहा वर्षं एका कॅथलिक प्राथमिक शाळेत एसएनए आहे, म्हणजे वर्गात ज्या मुलांना जास्तीचा आधार लागतो त्यांच्या शेजारी बसते. हे तास मी रोज जवळून बघते.

धर्माचा तास आणि एसपीएचई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्माचा तास शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, कॅथलिक शाळेत त्याचं पुस्तक 'ग्रो इन लव्ह'. त्यात न बसण्याचा हक्क 1937 च्या राज्यघटनेतल्या कलम 44 ने दिलाय आणि तो तुम्ही वापरलात, ठीक. एसपीएचई मात्र 1999 पासून सरकारच्या अभ्यासक्रमातला विषय, शाळा कॅथलिक असो वा नसो. 1999 च्या आखणीत त्याला आठवड्याला अर्धा तास होता. त्याचे तीन भाग होते: मी, मी आणि इतर, मी आणि भोवतालचं जग. इथल्या दर 10 प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ 9 कॅथलिक आहेत, म्हणून आपल्या लोकांना दोन्ही एकच वाटतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर भिंत अगदी पक्की नसते. आमच्याकडे गोलात बसलं की मधे मेणबत्ती लावतात, कधी छोटी प्रार्थना होते. लैंगिक शिक्षणाच्या भागासाठी बिशप परिषदेचा 2021 चा 'फ्लरिश' हा कार्यक्रम काही शाळा वापरतात, त्यात लग्न, कुटुंब, शरीर हे सगळं कॅथलिक श्रद्धेतून मांडलंय. तुमचा प्रश्न तिथे रास्त आहे. तेव्हा शिक्षिकेला सरळ विचारा, या भागाला कुठलं पुस्तक घेणार? त्या सांगतात, पुस्तक दाखवतातही. पण 'स्टे सेफ' हे बिशपांचं नाही. ते सगळ्या प्राथमिक शाळांना शिकवावंच लागतं.

त्यात पाच विषय येतात: सुरक्षित आणि असुरक्षित वाटणं, मैत्री आणि दादागिरी, स्पर्श, गुपितं आणि सांगणं, अनोळखी माणसं. तुमच्या मुलाचा पिवळा कागद पहिल्या विषयाच्या जवळचा. शरीर आधी बोलतं, तोंड नंतर, हे त्यांना सात वर्षांचे असतानाच कळतं.

गुपितांचा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या वर्गात एक कापडी ससा गोलात फिरतो. ज्याच्या हातात ससा तो बोलणार, बाकीचे ऐकणार, बोलायचं नसेल तर नुसता पुढे द्यायचा. शिक्षिकेने विचारलं, "बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवून ठेवलाय, हे काय?" मुलं म्हणाली, सरप्राइज, ते नंतर सगळ्यांना कळतं. "आणि कोणी म्हणालं, मी तुला हात लावला ते कुणाला सांगू नकोस?" ससा एका मुलीच्या हातात होता. ती बराच वेळ त्याचे कान पिळत राहिली आणि मग म्हणाली, "ते गुपित ठेवायचं नसतं. सांगायचं. ऐकेपर्यंत सांगायचं."

हे कॅथलिक शाळेत शिकवलं जातं, याचं या देशात वजन वेगळं आहे. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर वर्षानुवर्षं काय झालं ते रायन आयोगाच्या 2009 च्या अहवालात आहे. ज्या मुलांनी सांगितलं त्यांचं ऐकलं गेलं नाही, बाकीची भीतीने गप्प राहिली. आज त्याच परंपरेतल्या शाळेत मुलांना "सांगा" म्हणून शिकवतात. आपण नेमकं त्यातूनच मूल उठवून न्यायचं?

मधल्या सुट्टीतल्या त्रासाबद्दल वेगळं सांगते. 2024 मध्ये 'बी किन्यॉल्टा' नावाची सरकारी कार्यपद्धती आली, आयरिशमध्ये अर्थ 'मायेने वागा'. त्यानुसार प्रत्येक शाळेला दादागिरीविरुद्धचं स्वतःचं धोरण ठेवावं लागतं. मुख्याध्यापिकेला लेखी कळवा आणि काय पावलं उचलणार ते विचारा. धर्मावरून एखाद्याला बाजूला काढणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आणि ताई, त्याला आपला शब्द द्या. फुलपाखरं इंग्रजीतली. आपल्या पोटात गोळा येतो. शाळा त्याला इंग्रजीत भावना शिकवेल, पण हिरमुसणं, धसका, हुरहुर, ओशाळणं, कानकोंडं होणं हे कोण शिकवणार? आजीला फोनवर सांगायला त्याच्याकडे शब्द नकोत का?

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी. गणपतीत मी पाहिलं, एक चार वर्षांची मुलगी आईच्या ओढणीत तोंड लपवत होती आणि आजूबाजूचे पाच-सहा जण म्हणत होते, "दे बरं काकांना पापी, नाहीतर मोदक नाही." वर्गात ती शिकणार, तुझं शरीर तुझं. आपल्या हॉलवर तिला कळणार, मोठ्यांनी मागितलं की द्यायचं असतं. दिवाळीच्या कार्यक्रमात हे थांबवूया, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लँचर्डस्टाउनहून

शाळेबद्दल लिहिलंत ते पटलं. पण पापीचं वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे लेकरांचे लाड असेच होतात, त्यात पाप कुठे आलं? माझी नात तीन वर्षांनी भेटली, मी हात पसरले तर तिने टाळीसाठी हात पुढे केला. घरातल्या माणसांवरच संशय घ्यायला शिकवायचं असेल तर आपली माणसं म्हणजे काय राहिलं?

नेसहून

काका, तुमच्या मनात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही हात पसरलेत यात काहीच चूक नाही. तिने टाळी दिली आणि तुम्ही ती घेतलीत, तर तिला कळलं की आजोबांना 'नको' म्हटलं तरी ते आपलेच राहतात. हीच मुलगी उद्या काही बिनसलं तर तुमच्याकडे येऊन सांगेल.

ही फक्त इथली, परक्यांची गोष्ट नाही. 2007 मध्ये भारत सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत अभ्यास केला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. निम्म्याहून जास्त मुलांनी, 53 टक्के, कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. करणारे निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले. मूल 'नको' म्हणायला शिकतं ते प्रेमाच्या माणसांसमोरच. वाईट माणूस समोर आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

ब्लँचर्डस्टाउनहून

आकडा वाचून गप्प झालो. रविवारी नातीकडे चाललोय. टाळी घेईन.

लुकानहून

सगळ्यांचे आभार. चिठ्ठी सही करून दिली, धर्माच्या तासाचं होतं तसंच ठेवलं. मुख्याध्यापिकेला पत्र दिलं, त्यांनी त्या दोन मुलांच्या पालकांना भेटायला बोलावलंय. 'फ्लरिश'बद्दलही विचारलं, पुस्तक बघायला घरी आणलंय.

नेसच्या ताईंच्या विनंतीवर कार्यकारिणीशी बोलले. दिवाळीला दारात मुलांचं स्वागत करणारे विचारतील, नमस्कार, टाळी की मिठी? मूल सांगेल ते. काहीच नको म्हणालं तर "ये बाळा, आत ये" एवढंच. मोठ्यांनीही आत तेच पाळायचं. निवेदनात पहिल्या पाच मिनिटांत हे सांगितलं जाईल.

काल सकाळी गाडीतून उतरताना त्याला विचारलं, काय म्हणतंय पोट? म्हणाला, "गोळा आलाय. पण छोटा. बोराएवढा." मग दप्तर घेऊन गेला.

शनिवारी चार वाजता हॉलवर. चकल्या माझ्याकडे, लाडू कोणीतरी घ्या.