मुलगा 17 वर्षांचा झाला, शाळेनंतर पुढे काय? (इंदूर)

सुदामानगरची आई:
मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, प्रमाणपत्रावर 55%. विशेष शाळेने सांगून टाकलंय, 18 नंतर ठेवणार नाही. वाचता येत नाही, पण कपड्यांच्या घड्या अगदी दुकानासारख्या घालतो. ह्यांचं म्हणणं, सरकारी नोकरीत कोटा आहे, थांबूया. सासूबाई म्हणतात, घरीच बरा. या वाटेने कुणी गेलंय का?

शेववाले मामा:
ताई, थांबू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी जागांत 4% राखीव आहेत खरे, पण त्यातला 1% स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता अशा सगळ्यांत मिळून. वर शिक्षणाची अट असतेच. तोवर पोरगा सोफ्यावर बसून तिशीचा होईल.

माझा भाचा सांवेर रोडला शेव भरतो. आकडे कळत नाहीत, इलेक्ट्रॉनिक काट्यापुढे गोंधळायचा. मालकाने माळ्यावरचा जुना तराजू काढला. एका पारड्यात 200 ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात शेव. पारडी सारखी झाली की पुडा सीलिंगवाल्याकडे. आता दुसऱ्या कुणी मूठभर जास्त टाकली की हाच ओरडतो, "भिया, झुकला!"

खरी मेहनत भलत्याच गोष्टींची. बसने एकट्याने जाणं, म्हणून आधी बहीण शेजारी बसायची, मग मागच्या सीटवर, मग नुसती थांब्यावर घ्यायला. लघवीला जायचंय, डबा विसरलाय, हे परक्या माणसाला सांगता येणं. शाळा सुटायच्या आत हे पक्कं करून घ्या, काम काय, जागेवर शिकतात. आणि पगार त्याच्याच हातात पडू द्या. आमच्याने पहिल्या पगारात सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळ्यांना गराडू (तळलेला कंद) खाऊ घातला. बहिणीने दोनदा घेतला, ते सोडा.

निवृत्त बाई:
मामांचं पटलं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी काढा. 18 पूर्ण झाले की तो कायद्याने सज्ञान, मग बँकेत सह्यांपाशी गाडं अडतं. 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, बौद्धिक अक्षमता त्यात बसते.

आणि घड्या येतात म्हणता, मग शेव कशाला? एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये गिऱ्हाईक गेल्यावर साड्यांचा ढीग पडलेला असतो, तो कुणीतरी घडी घालतच असतं. लॉन्ड्रीतही विचारा. पहिले काही दिवस ओळखीचं कुणी सोबत उभं राहील, हे मालकाशी आधीच बोलून ठेवा.

सुदामानगरची आई:
क्लॉथ मार्केटमध्ये दिरांच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, सोमवारी विचारते. सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या, "साड्या मळवल्या तर?" मामा, बसच्या पासात सवलत मिळते का भाच्याला? कुठे काढला?