दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या: मोटारसायकलसाठी नवी बॅटरी घेण्यापूर्वी काय पाहावे?

लष्करकर (प्रश्न)

नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझ्याकडे २०१४ सालची, कार्ब्युरेटर असलेली १५० सीसीची मोटारसायकल आहे. तिला सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. तिला १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची, पाणी घालावे लागणारी बॅटरी बसते. गाडीबरोबर आलेली बॅटरी पाच वर्षांहून अधिक काळ चालली, परंतु गेल्या दोन वर्षांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या आणि आता दुसरीनेही मान टाकली आहे.

परवा तानसेन समारोहातली रात्रीची सभा ऐकून हजिऱ्याहून वडिलांना घेऊन घरी निघालो. सेल्फचे बटण दाबले की सीटखालून नुसता टकटक आवाज येई आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा विझल्यासारखा होई. दहाबारा किका मारल्यावर गाडी सुरू झाली, पण तोवर वडील त्या थंडीत मफलर गुंडाळून उभे होते, याचे मला फार वाईट वाटले.

दुकानदाराचे म्हणणे असे की पाण्याच्या बॅटरीचा नाद सोडून सीलबंद बॅटरी घ्यावी. दुसऱ्या एका ठिकाणी जवळजवळ निम्म्या किमतीत स्थानिक बनावटीची बॅटरी मिळते आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि ती मला घरी बसवता येईल का? आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या बॅटरीतले पाणी तीन आठवड्यांत खालच्या रेषेपर्यंत उतरते आणि वर्षभरात हेडलाइटचा बल्ब दोनदा उडाला आहे. याचा बॅटरीशी संबंध आहे की नाही, हे मला कळत नाही.

पडावचा प्रवासी

माझा अनुभव असा की स्थानिक बॅटरीच्या वाटेला जाऊ नये. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या दोन्ही हातांत धरून पाहा, म्हणजे शिशात कुठे काटकसर केली आहे ते वजनावरूनच समजते. एक्साइड किंवा अमरॉन यांपैकी जी ताज्या तारखेची मिळेल ती घ्यावी. शक्य असल्यास ९ ऐवजी १२ एएचची घ्यावी, म्हणजे थंडीत सेल्फला जोर मिळेल.

मोरारचे काका

मी चाळीस वर्षे विजेच्या कामात घालवली आणि आता नातवंडांच्या गाड्या दुरुस्त करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शेवटच्या ओळींत आहे. पाणी झपाट्याने आटणे आणि बल्ब उडणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर पहिला संशय चार्जिंगचा व्होल्टेज वाढल्याचा घ्यावा. अशा स्थितीत कितीही चांगली बॅटरी आणली तरी ती वर्षभरात उकळून जाईल, आणि सीलबंद बॅटरी तर त्याहूनही लवकर जाईल, कारण पाण्याच्या बॅटरीत आटलेले पाणी आपण पुन्हा भरू शकतो, सीलबंद बॅटरीत ती सोयच नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर घेऊन बसा. साधा मीटरही या कामाला पुरेसा आहे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी किल्ली न फिरवता मोजा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक आला तर ती भरलेली समजावी. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली. मग सेल्फ दाबताना मोजा. भरलेली बॅटरी सेल्फ फिरवताना १० व्होल्टच्या खाली जाऊ लागली, तर तिच्या प्लेटा थकलेल्या आहेत. शेवटी इंजिन चालू करून चार ते पाच हजार आरपीएमवर मोजा. १४ ते १४.५ च्या आसपास आकडा स्थिर राहिला तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या वर चढतच नसेल तर बॅटरी उपाशी राहते, आणि १५ ओलांडत असेल तर ती उकळते.

१५ ओलांडला तर घाईने रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, विकत घेऊ नका. काही गाड्यांत बॅटरीचा व्होल्टेज पाहण्यासाठी त्याला वेगळी बारीक वायर दिलेली असते. तिच्या जोडाला गंज चढला की रेग्युलेटरला व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि तो गरजेपेक्षा जास्त चार्जिंग करू लागतो. त्याचा प्लग काढून पिना पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. एक काळजी मात्र घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि इंजेक्शनच्या गाड्यांत त्याने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकसुद्धा, जळू शकतो.

पडावच्या मित्रांचे स्थानिक बॅटरीविषयीचे मत मला पटते, १२ एएचचे पटत नाही. सेल्फ मरतो तो बॅटरी लहान असल्यामुळे नव्हे, आजारी असल्यामुळे. शिवाय मोठी बॅटरी त्या खाचेत बसत नाही, आणि तिला कशीबशी पट्ट्याने बांधून ठेवली तर आपल्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी तिच्या प्लेटा सैल होतात.

थंडीबद्दलही एक सांगतो. आपल्याकडे बॅटरी मारतो उन्हाळा, हिवाळ्यात ते फक्त उघडकीस येते. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर जातो, सीटखाली त्याहून जास्त तापते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. तशी अर्धमेली झालेली बॅटरी दिवाळीपर्यंत ओढत राहते. मग डिसेंबरात इंजिनचे तेल घट्ट होते, बॅटरीची रासायनिक क्रियाही मंदावते, आणि ज्या दिवशी सेल्फला सर्वांत जास्त ताकद हवी त्याच दिवशी ती हात वर करते.

लष्करकर

काका, मनापासून आभार. आज सकाळी मोजले. उभ्या गाडीत १२.१ आले आणि सेल्फ दाबताच आकडा ८.३ वर कोसळला. किक मारून गाडी सुरू केली व आरपीएम वाढवले, तर आकडा १५.६ वर गेला. मग रेग्युलेटरचा प्लग काढला. त्यातली एक पिन हिरवट पडली होती आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक किंचित तपकिरी झाले होते. बारीक पॉलिश पेपरने पिन घासली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, ती जिच्यात बसते ती समोरची पोकळ पिन पकडीने हलकेच दाबून घट्ट केली आणि प्लग पुन्हा लावला. आता त्याच आरपीएमवर १४.३ येतात. मी तीनदा मोजून पाहिले. दोन बॅटऱ्या या एका पिनेने खाल्ल्या, हे समजल्यावर मला काही वेळ काही सुचेना. त्या दोन्ही बसवल्या तेव्हा दुकानात कुणी मीटर लावून पाहिला असता, तर हे तेव्हाच कळले असते.

आताची बॅटरी मात्र बदलावीच लागेल. चार्जिंग नीट झाल्यावर सीलबंद घेण्यास हरकत नाही ना?

थाटीपूरची दुचाकीस्वार

माझी गाडी मी स्वतः पाहते आणि आजवर चार बॅटऱ्या घरी बसवल्या आहेत, म्हणून लिहिते. १४.३ स्थिर राहत असेल तर आपण सीलबंद खुशाल घ्यावी. मी स्वतः तीच वापरते, कारण उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर भरण्याचे काम माझ्याकडून नियमाने होत नाही.

घेताना जुनी बॅटरी बरोबर न्या. लांबी, रुंदी आणि उंची तर जुळावीच, पण धन टोक कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. मॉडेल क्रमांकात मध्येच येणाऱ्या ‘एल’ या अक्षराचा संबंध त्याच बाजूशी असतो आणि ते एक अक्षर नसलेली, बाकी अगदी तशीच बॅटरी उचलली तर वायर पोहोचत नाही. पोहोचलीच तर चुकीच्या टोकाला पोहोचते. सीलबंद बॅटरी काउंटरवरच मीटर लावून मोजायला सांगा. १२.४ च्या खाली असेल तर ती बराच काळ फळीवर पडून आहे, तेव्हा दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

बसवताना किल्ली बंद करून आधी ऋण वायर काढावी, मग धन. लावताना आधी धन, शेवटी ऋण. याचे कारण असे की ऋण वायर चेसिसला जोडलेली असते. ती जागेवर असताना धन टोकाचा पाना चेसिसला लागला तर सरळ शॉर्ट होतो. मी एकदा घाईत हा क्रम उलटा केला होता आणि त्या दहा नंबरच्या पान्याच्या टोकाला अजूनही वितळल्याचा खळगा आहे.

एक अडचण कुणी सांगत नाही. टर्मिनलच्या खाचेत जो चौकोनी नट बसतो तो बोल्ट लावताना खाली सरकतो आणि बोल्टला सापडतच नाही. त्याच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा लहानसा तुकडा घडी करून ठेवा, नट वर उचलून धरला जातो. बोल्ट घट्ट करा, पण जोर लावू नका, शिसे मऊ असते. त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवा आणि धन टोकावर लाल रबरी टोपी नीट ओढून घ्या. जुन्या बॅटरीच्या खाचेत पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती धुऊन काढा. ती जागा कोरडी करून तळाचा रबरी पॅड परत ठेवा.

आपण पाण्याचीच घ्यायचे ठरवले तर तीन गोष्टी विसरू नका. नव्या बॅटरीच्या व्हेंटला (गॅस बाहेर जाण्याच्या वाटेला) लावलेले बूच आधी काढावे. नाही तर आत गॅस कोंडतो आणि बॅटरी फुटू शकते. ओव्हरफ्लोची नळी कुठेही न दाबता, चेनपासून दूर, सरळ खाली सोडावी. आणि दुकानात ॲसिड भरून लगेच हातात दिलेली बॅटरी तशीच बसवू नये. अर्धा तास मुरू देऊन क्षमतेच्या दहाव्या भागाच्या करंटने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअरने, लेबलवर लिहिलेले तास पूर्ण होईपर्यंत चार्ज करून घ्यावी. ही पहिली चार्जिंग टाळली तर बॅटरी पुरी भरत नाही आणि आयुष्यभर तशीच अर्धवट राहते.

मोरारचे काका

ताईंनी बसवण्याचा क्रम अचूक सांगितला आहे. माझी त्यात एवढीच भर. नवी बॅटरी बसवल्यावर किल्ली बंद ठेवून ऋण वायर काढा आणि ऋण टोक व वायर यांच्यामध्ये मीटर मिलीअँपिअरवर लावा. तेव्हा किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. अलार्म किंवा जीपीएस नसलेल्या आपल्यासारख्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. २० मिलीअँपिअर जरी सतत गळत असले तरी ९ एएचची बॅटरी १९ दिवसांत पुरती रिकामी होते.

लष्करकर

आज ९ एएचची सीलबंद बॅटरी आणून बसवली. ‘एल’चे अक्षर जुळवून घेतले आणि काउंटरवर १२.७ मोजून मगच पैसे दिले. जुनी दुकानातच दिली व तिची किंमत बिलातून वजा करून घेतली. ट्यूबच्या तुकड्याची युक्ती नसती तर तो नट मला तासभर सापडला नसता. सेल्फ दाबताना १०.६ येतात, चालू गाडीत १४.३, आणि किल्ली बंद असताना गळती १ मिलीअँपिअरहून कमी. रेग्युलेटरच्या प्लगवर जेली लावून तो सीटखाली, पाणी उडणार नाही अशा जागी बांधला आहे. उन्हाळा सुरू झाल्यावर मेमध्ये पुन्हा तिन्ही आकडे मोजून इथेच लिहीन.